व्होल्टेज आणि करंट माहीत असताना रोध आणि पॉवर कशी काढायची

सूत्रं दोनच आहेत.

रोध = व्होल्टेज ÷ करंट
पॉवर = व्होल्टेज × करंट

व्होल्टेज व्होल्टमध्ये आणि करंट अँपिअरमध्ये घेतला की रोध ओहममध्ये येतो आणि पॉवर वॅटमध्ये. इथवर कुणालाच अडत नाही. अडतं ते यात घालायचे आकडे घेताना. नवीन माणूस व्होल्टेज बॅटरीचं घेतो, करंट भलत्याच फांदीतला घेतो आणि दोन्हींचा भागाकार करून मोकळा होतो. उत्तर येतं, पण ते कुठल्याच वस्तूचं नसतं. म्हणून कॅल्क्युलेटर हातात घेण्याआधी स्वतःला विचारा: हे व्होल्टेज नेमकं कोणत्या दोन टोकांमधलं आहे? आणि हा करंट त्याच वस्तूतून, त्याच वेळी जातोय का? खालच्या जवळजवळ प्रत्येक पायरीत हाच प्रश्न वेगळ्या वेषात भेटेल.

## काय काय लागेल

- डिजिटल मल्टिमीटर. साधा चालेल, पण करंट मोजायच्या सॉकेटला आत फ्यूज असलेला घ्या.
- मगरी क्लिपा असलेल्या दोन-तीन वायरी. प्रोब हाताने दाबून धरत आकडे लिहिणं अवघड जातं.
- सरावासाठी १२ व्होल्टपर्यंतचा डीसी पुरवठा किंवा बॅटरी, आणि १०० ओहम ते १ किलोओहममधले काही रेझिस्टर.
- वस्तूची नेमप्लेट किंवा डेटाशीट. त्यावरचे आकडे पडताळणीला लागतात.
- वही. रकाने चार: कोणती वस्तू, व्होल्टेज, करंट, चालू होऊन किती वेळ झाला. चौथा रकाना कशाला, ते बल्बशी पोचलात की कळेल.

घरातल्या एसी लाइनवर मीटर सिरीजमध्ये घालून करंट मोजायचा प्रयोग सुरुवातीला अजिबात करू नका. तिथे क्लॅम्प मीटर (सर्किट न तोडता, तार जबड्यात पकडून करंट मोजणारा) वापरा किंवा जाणकाराला बोलवा. गणित १२ व्होल्टवरही तेच शिकता येतं.

## पायरी १: व्होल्टेज मोजा, पण भार (पुरवठ्यावर चालणारी वस्तू) चालू ठेवून

लाल प्रोब व्होल्ट-ओहमच्या सॉकेटमध्ये, काळा कॉममध्ये. डायल डीसी व्होल्टवर. ज्या वस्तूचा रोध काढायचाय तिच्या थेट दोन टोकांवर प्रोब लावा. पुरवठ्याच्या टर्मिनलवर नाही आणि मधल्या स्विचवरही नाही.

हा फरक किती पडतो, ते एका उदाहरणात बघा. पुरवठा १२ व्होल्टचा आहे आणि ५ अँपिअर घेणारी वस्तू १० मीटर लांब आहे. वायर तांब्याची, १ चौरस मिलिमीटरची. अशा वायरचा रोध २० अंश सेल्सिअसला किलोमीटरला साधारण १८.१ ओहम असतो. करंट जातो एका तारेने आणि परत येतो दुसरीने, त्यामुळे लांबी १० नाही तर २० मीटर धरायची. २० मीटरचा रोध झाला ०.३६२ ओहम. ५ अँपिअरला तारेतच ५ × ०.३६२ = १.८१ व्होल्ट खर्च झाले. वस्तूच्या वाट्याला उरले १०.१९ व्होल्ट.

आता पुरवठ्याचे १२ व्होल्ट धरलेत तर रोध येतो २.४ ओहम आणि पॉवर ६० वॅट. वस्तूच्या टोकांवर मोजलंत तर रोध २.०४ ओहम आणि पॉवर सुमारे ५१ वॅट. मधले ९ वॅट तारा तापवण्यात गेले. दोन्ही हिशेब आपापल्या जागी बरोबर आहेत: पहिला वस्तू आणि तारा मिळून सगळ्याचा, दुसरा एकट्या वस्तूचा. तुम्हाला कोणता हवाय, ते आधी ठरवा. (हीच वायर २.५ चौरस मिलिमीटरची घेतली तर किलोमीटरला ७.४१ ओहम पडतात आणि तूट पाऊण व्होल्टच्या आत येते.)

भार चालू ठेवून मोजायचं कारणही असंच. मोकळ्या बॅटरीवर १२.६ व्होल्ट दिसतात आणि ४ अँपिअरचा भार लावला की टर्मिनलवरच १२.२ होतात. कमी झालेले ०.४ व्होल्ट बॅटरीच्या स्वतःच्या आतल्या रोधात गेले. तो रोध किती? ०.४ ÷ ४ = ०.१ ओहम. म्हणजे त्याच दोन आकड्यांत बॅटरीची तब्येतही कळली. पण मोकळ्या बॅटरीचे १२.६ आणि भारावरचे ४ अँपिअर अशी जोडी लावाल तर हिशेब चुकला.

हा त्रास खुद्द ओहमलाही झाला होता. जर्मनीच्या गेओर्ग ओहमने १८२७ साली आपला नियम, म्हणजे वरचं रोधाचं सूत्र, पुस्तकात मांडला. त्याआधीच्या प्रयोगांत त्या काळच्या विजेऱ्यांचा दाब, म्हणजे व्होल्टेज, मोजता मोजताच बदलायचा. शेवटी त्याने विजेरी सोडून तांबं आणि बिस्मथची थर्मोकपल जोडी (तापमानातल्या फरकावर व्होल्टेज देणारी) वापरली. तिचं एक टोक उकळत्या पाण्यात आणि दुसरं बर्फात. दाब स्थिर झाला आणि मग आकड्यांत शिस्त दिसली.

## पायरी २: करंट मोजा

इथे मीटरची जोडणी पूर्ण बदलते. व्होल्टेज वस्तूला समांतर जोडून मोजतात, करंट सिरीजमध्ये. म्हणजे सर्किट एका ठिकाणी तोडायचं आणि त्या तुटीत मीटर घालायचा, म्हणजे सगळा करंट मीटरमधूनच जाईल.

१. पुरवठा बंद करा.
२. लाल प्रोब १० अँपिअरच्या सॉकेटमध्ये न्या. करंट किती असेल याचा अंदाज नसेल तर नेहमी मोठ्या रेंजपासून सुरुवात करा.
३. डायल डीसी अँपिअरवर ठेवा, मीटर तुटीत घाला, पुरवठा चालू करा, आकडा वाचा.
४. पुरवठा बंद करा आणि लाल प्रोब लगेच व्होल्टच्या सॉकेटमध्ये परत आणा.

चौथं काम विसरलं की पुढच्या वेळी तुम्ही व्होल्टेज मोजायला म्हणून बॅटरीच्या दोन टोकांवर प्रोब टेकवता आणि प्रत्यक्षात बॅटरी शॉर्ट करता. करंटच्या सॉकेटमध्ये मीटरचा रोध अगदी नगण्य असतो. नशीब चांगलं असेल तर फक्त फ्यूज जातो. मीटर अचानक करंट शून्य दाखवू लागला तर आधी तो फ्यूजच तपासा.

सर्किट तोडायचं नसेल तर एक सोपी युक्ती आहे. मार्गात आधीच माहितीतला एखादा लहान रेझिस्टर असेल, समजा ०.१ ओहमचा, तर त्याच्या टोकांवरचं व्होल्टेज मोजा. ३५ मिलिव्होल्ट आले? मग करंट ०.०३५ ÷ ०.१ = ०.३५ अँपिअर. अशा रेझिस्टरला शंट म्हणतात. मल्टिमीटर स्वतःही आत हेच करतो.

क्लॅम्प मीटर वापरत असाल तर जबड्यात एकच तार घ्या. जाणारी आणि येणारी अशा दोन्ही तारा एकत्र पकडल्या तर त्यांची चुंबकीय क्षेत्रं एकमेकांना खोडतात आणि चालू हीटरवरही मीटर शून्य दाखवतो. करंट फारच लहान असेल तर तीच तार जबड्याभोवती दहा वेळा गुंडाळा आणि आलेला आकडा दहाने भागा.

## पायरी ३: एकके जुळवा

बहुतेक चुकीची उत्तरं इथेच तयार होतात. मीटर ३० मिलिअँपिअर दाखवतो, व्होल्टेज १२ आहे, आणि माणूस १२ ÷ ३० करून ०.४ ओहम लिहितो. ३० मिलिअँपिअर म्हणजे ०.०३ अँपिअर. १२ ÷ ०.०३ = ४०० ओहम. हजारपटीचा फरक.

इलेक्ट्रॉनिक्समध्ये रोज काम करणारे एक सोय वापरतात: व्होल्टला मिलिअँपिअरने भागलं की उत्तर थेट किलोओहम येतं आणि व्होल्टला मिलिअँपिअरने गुणलं की मिलिवॅट. म्हणजे वरचे ०.४ चूक नव्हते, ते ०.४ किलोओहम होते. पॉवर १२ × ३० = ३६० मिलिवॅट. ही सवय लागली की शून्यं मोजत बसावं लागत नाही.

## पायरी ४: रोध आणि पॉवर काढा

एक पूर्ण उदाहरण करू. एका रेझिस्टरच्या टोकांवर ११.८ व्होल्ट, त्यातून ०.५९ अँपिअर.

रोध = ११.८ ÷ ०.५९ = २० ओहम
पॉवर = ११.८ × ०.५९ = ६.९६ वॅट

रोध हाताशी आला की पॉवर आणखी दोन वाटांनी निघते:

पॉवर = करंट × करंट × रोध → ०.५९ × ०.५९ × २० = ६.९६ वॅट
पॉवर = व्होल्टेज × व्होल्टेज ÷ रोध → ११.८ × ११.८ ÷ २० = ६.९६ वॅट

तिन्ही सूत्रं पाठ करायची गरज नाही, पहिल्यात दुसरं घातलं की बाकीची आपोआप येतात. पण कोणतं कधी वापरायचं हे लक्षात असू द्या. सिरीजमधल्या वस्तूंची तुलना करताना करंट सगळ्यांत सारखा असतो, तिथे करंटच्या वर्गाचं सूत्र बरं पडतं. समांतर जोडणीत व्होल्टेज सारखं असतं, तिथे व्होल्टेजच्या वर्गाचं. आणि म्हणूनच «रोध वाढला की पॉवर वाढते की कमी होते?» या प्रश्नाला एकच उत्तर नाही. करंट कायम ठेवलात तर वाढते, व्होल्टेज कायम ठेवलंत तर कमी होते. परीक्षेत यावर हटकून गोंधळ होतो.

वर्गाचा परिणाम बघायचा असेल तर हीटर घ्या. प्लेटवर २३० व्होल्ट, १००० वॅट. त्याचा रोध २३० × २३० ÷ १००० = ५२.९ ओहम. लाइनवर व्होल्टेज पडून २०० झालं तर पॉवर २०० × २०० ÷ ५२.९ = सुमारे ७५६ वॅट. व्होल्टेज १३ टक्के कमी झालं, उष्णता मात्र २४ टक्के.

## पायरी ५: वस्तू सरळ रोधाची आहे का, ते ओळखा

हा भाग सावकाश वाचा. व्होल्टेज × करंट = पॉवर हे त्या क्षणापुरतं कुठल्याही वस्तूला लागू आहे. पण व्होल्टेज ÷ करंट करून आलेला «रोध» पुढच्या हिशेबांत वापरता येईलच असं नाही. व्होल्टेज दुप्पट केल्यावर करंटही दुप्पट होत असेल, तरच त्या आकड्यावर विसंबा.

तारेचा बल्ब. २३० व्होल्ट, ६० वॅटच्या बल्बचा पेटलेला असतानाचा रोध २३० × २३० ÷ ६० = सुमारे ८८२ ओहम. तोच बल्ब होल्डरमधून काढून, थंड असताना मल्टिमीटरवर मोजा: साठ-सत्तर ओहमच्या आसपास काहीतरी दिसेल. मीटर बिघडलेला नाही. टंगस्टनचा रोध तापमानाबरोबर वाढतो आणि पेटलेली तार अडीच हजार अंशांच्या घरात असते. थंड रोध धरून पॉवर काढलीत तर आठशे वॅटच्या वर येईल. स्विच दाबल्याच्या पहिल्या क्षणी बल्ब खरोखरच तेवढी ओढतो, म्हणून जुने बल्ब बहुधा लावता क्षणीच उडत. वहीतला चौथा रकाना याच्यासाठी.

एलईडी. २ व्होल्ट आणि २० मिलिअँपिअर असताना भागाकार १०० ओहम येतो. करंट ५ मिलिअँपिअरवर आणलात तर व्होल्टेज अगदी थोडं उतरतं, आणि भागाकार तीनशेच्याही वर जातो. एलईडीला ठराविक रोध नाही. त्याची पॉवर मात्र निर्धास्त काढा: २ × २० = ४० मिलिवॅट.

डीसी मोटर. वाइंडिंगचा, म्हणजे आतल्या तारेच्या गुंडाळीचा, रोध २ ओहम मोजला, पण १२ व्होल्टवर मोकळी फिरताना मोटर ०.८ अँपिअरच घेते. भागाकार १५ ओहम. उरलेले १३ ओहम कुठून आले? कुठूनच नाही. फिरणारी मोटर स्वतःच उलट व्होल्टेज तयार करते आणि करंटला अडवते. आत येणारी पॉवर १२ × ०.८ = ९.६ वॅट. वाइंडिंगमध्ये उष्णता होते ती ०.८ × ०.८ × २ = १.२८ वॅट. बाकीची फिरण्यात आणि घर्षणात. आता शाफ्ट हाताने अडवला तर उलट व्होल्टेज नाहीसं होतं आणि करंट १२ ÷ २ = ६ अँपिअर. ७२ वॅट, आणि सगळीच्या सगळी उष्णता. अडकलेली मोटर जळते ती अशी.

एसीवरची मोटर, पंखा, ट्रान्सफॉर्मर. इथे व्होल्टेज आणि करंट एकाच क्षणी शिखरावर पोचत नाहीत. २३० व्होल्ट आणि ४ अँपिअर यांचा गुणाकार ९२० येतो, पण त्याला व्होल्ट-अँपिअर म्हणायचं, वॅट नाही. त्या गुणाकारातला खऱ्या पॉवरचा हिस्सा म्हणजे पॉवर फॅक्टर. तो ०.८ असेल तर खरी पॉवर ७३६ वॅट. फक्त व्होल्टेज आणि करंट मोजून पॉवर फॅक्टर कळत नाही, त्यासाठी वॅटमीटरच लागतो. हीटर, इस्त्री, गिझर यांना हा नियम लावायची गरज पडत नाही, त्यांचा पॉवर फॅक्टर जवळजवळ १ असतो.

नेमप्लेटचा एक वेगळाच सापळा आहे. चार्जरवर «आउटपुट ५ व्होल्ट, २ अँपिअर» लिहिलेलं असतं. त्यावरून २.५ ओहम काढू नका. तो चार्जर जास्तीत जास्त किती देऊ शकतो याचा आकडा आहे. प्रत्यक्षात किती जातो ते पुढे जोडलेलं उपकरण ठरवतं.

## पायरी ६: रेझिस्टर निवडताना वॅट बघा

ओहम बरोबर काढून वॅट विसरणारे बरेच भेटतात. मग रेझिस्टर काळा पडतो, वास येतो, आणि दोष सूत्राला.

१२ व्होल्टवर २ व्होल्टचा एलईडी २० मिलिअँपिअरने लावायचाय. रेझिस्टरच्या वाट्याला येणारं व्होल्टेज १२ नाही, १२ − २ = १०. (कोणत्या दोन टोकांमधलं, हे पुन्हा आलं बघा.) १० ÷ २० = ०.५ किलोओहम, म्हणजे ५०० ओहम. हा आकडा सहज मिळणाऱ्या मालिकेत नसतो. ४७० आणि ५६० असतात. वरचा घ्या. ५६० ओहमला करंट १० ÷ ०.५६ = साधारण १८ मिलिअँपिअर, पॉवर १० × १८ = १८० मिलिवॅट. पाव वॅटचा रेझिस्टर, म्हणजे २५० मिलिवॅट, कागदावर पुरतो. मी तिथे अर्ध्या वॅटचाच लावेन. निघालेल्या पॉवरच्या दुप्पट क्षमता घ्यायची हा साधा नियम पाळला की बंद डब्यातल्या उष्णतेची चिंता राहत नाही.

उलट हिशेबही कामाला येतो. १०० ओहम, पाव वॅटच्या रेझिस्टरवर जास्तीत जास्त किती व्होल्टेज लावता येईल? पॉवर × रोध = २५, त्याचं वर्गमूळ ५. पाच व्होल्ट, फक्त. थेट १२ व्होल्टवर जोडलात तर १.४४ वॅट, क्षमतेच्या जवळजवळ सहापट.

## पायरी ७: उत्तर तपासा

मल्टिमीटरच्या ओहम रेंजवर पडताळणी करताना पुरवठा काढून टाका आणि वस्तूचं निदान एक टोक सर्किटपासून सोडवा. चालू सर्किटवर ओहम मोजला की आकडा खोटा येतो आणि मीटरही जाऊ शकतो. सर्किटमध्ये मोठे कपॅसिटर असतील तर आधी ते रिकामे झालेत याची खात्री करा.

दोन्ही रीतींचे आकडे जुळले नाहीत, तर रोध किती आहे त्यावरून कारण शोधा.

एखाद्या ओहमपेक्षा कमी असेल तर मीटरच्या लीडचाच रोध मध्ये येतो. दोन प्रोब एकमेकांना टेकवून दिसणारा आकडा, बहुधा ०.२ ते ०.५ ओहम, वजा करा. इतक्या कमी रोधाला ओहम रेंजपेक्षा व्होल्टेज-करंटची रीतच जास्त भरवशाची, फक्त व्होल्टमीटरचे प्रोब थेट वस्तूच्या पायांवर टेकवायचे, क्लिपांवर नाही.

लाखांच्या घरात असेल तर गडबड उलट्या बाजूने होते. डिजिटल मीटरचा व्होल्ट रेंजमधला स्वतःचा रोध साधारणपणे १० मेगाओहम असतो. १ मेगाओहमच्या रेझिस्टरला तो समांतर लागला की दोन्ही मिळून ०.९०९ मेगाओहम होतात. तुमचा अँमीटर (करंट मोजणारा मीटर) रेझिस्टरबरोबर व्होल्टमीटरचाही करंट मोजत असतो आणि रोध नऊ टक्के कमी निघतो. तिथे अँमीटर आत घ्या, म्हणजे व्होल्टमीटर अँमीटर आणि रेझिस्टर या दोघांच्या बाहेरून जोडा. मग अँमीटरच्या वाट्याचे किंचित व्होल्ट हिशेबात येतात, पण १ मेगाओहमपुढे ते दिसतही नाहीत.

मधल्या रोधांना, दहा ओहमपासून एक लाख ओहमपर्यंत, कशीही जोडणी केलीत तरी फरक सहसा रेझिस्टरच्या सहिष्णुतेत (लिहिलेल्या आकड्यापासून चालणाऱ्या फरकात) लपून जातो. सोनेरी पट्टी असेल तर ती ५ टक्के असते. ५६० ओहमचा रेझिस्टर ५४१ निघाला तर तो ठीक आहे. ५०० निघाला तर पुन्हा पायरी १ पासून बघा: प्रोब कुठे टेकवला होता, समांतर दुसरं काही जोडलेलं राहिलंय का, आणि दोन्ही आकडे एकाच वेळचे आहेत का.